मला बाहेर बसवणारी वकीलबाई

मृत्युपत्राचा विषय आईने काढला तेव्हा ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "एखादा वकील बघ गं. माज्या मागं हिला कोणी घराभायेर काढायला नको."

ही म्हणजे माझी वहिनी. ती तेव्हा ओटीवरच्या गिरणीत कुणाचं तरी तांदळाचं पीठ दळत होती, त्यामुळे तिला ऐकू गेलं नाही. माझा भाऊ अचानक गेला. मूलबाळ नव्हतं. तेरावं झाल्यावर वहिनी माहेरी जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. चौदाव्या दिवशी तिने गिरणी सुरू केली आणि आईला विचारलं, "आज भाकऱ्या किती टाकू?" त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पण त्या घरात ती पाहुण्यासारखी वागायची. कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला अडकवायची. भिंतीला खिळा तिने कधी ठोकला नाही.

घर आणि मागचं भाताचं शेत आईच्या नावावर. वडील आता नाहीत, पण त्यांनी घेतानाच ते तिच्या नावाने घेतलं होतं. कर्जतच्या आसपासच्या जमिनींवर आता मुंबईकरांचे बंगले उठतात, त्यामुळे ज्याने बारा वर्षांत आमच्या दारात चहा घेतला नाही, तो चुलत भाऊही हल्ली काकीची तब्येत विचारायला येऊ लागला होता. आईला दिसत सगळं होतं.

मी दहिवलीत झेरॉक्सचं दुकान चालवते. कामाला लागायला मला मुहूर्त लागत नाही. पुण्याच्या माझ्या मुलीने आधी इंटरनेटवरून एक वकील शोधला. त्याने फोनवर 'इस्टेट प्लॅनिंग' हा शब्द इतक्यांदा वापरला की आईची इस्टेट आहे तरी केवढी असं मलाच वाटायला लागलं. शेअर्स किती, परदेशात काही आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, "एक गिरणी आहे आणि एक फणस." त्याने पुन्हा फोन केला नाही.

मग चुलत भाऊ म्हणाला, "ताई, आपला घरचा माणूस हाय कर्जतात. कशाला लांब जाता?" हा घरचा माणूस प्लॉटच्या खरेदीविक्रीची कामं करायचा. आईला त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बोलला सगळं चुलत भावाशी. मसुदा त्याच्याकडे जवळजवळ तयारच होता. त्यात एक कलम होतं: सुनेने दुसरं लग्न केलं नाही तोवर तिला हयातभर राहता येईल, केल्यास घर कुटुंबाकडे परत येईल.

आईने विचारलं, "काय लिवलंय?"

वकील चुलत भावाला म्हणाला, "आजींना सांगा, काळजी करू नका म्हणावं."

ते कलम मला तेव्हा खटकलं नाही. आमच्याकडे विधवा सुनेसाठी काही लिहिलं की ही अट आपोआप येते, आमटीत मीठ पडावं तशी. चुलत भाऊ म्हणालाही, "उद्या तिनं दुसरं घर केलं, तर कोणीतरी परका यायचा आणि बसायचा ना आपल्या ओटीवर." मला खटकलं ते वेगळंच. जिचं घर, जिचं मरण, तिच्याशी तो माणूस एक वाक्य बोलला नव्हता. मसुदा पिशवीत टाकून मी आईला घरी आणलं.

बरा वकील मला शेवटी माझ्या दुकानातच सापडला. गिऱ्हाइकांचे कागद वाचू नयेत, पण पान सरळ लागलंय का बघताना नजर जातेच. 'सबब', 'उपरोक्त', 'तद्अनुषंगाने' यांच्या गर्दीत अधूनमधून एखादा कागद असा यायचा, की तो मला उभ्या उभ्या कळायचा. वाक्यं छोटी, नावं नीट. प्रत्येक वेळी खाली शिक्का एकाच बाईंचा, खालापूरचा. एका गिऱ्हाइकाला विचारलं, "कशा आहेत या?" तो म्हणाला, "तोंडाने फटकळ हायेत. पण काम चोख." मला तेच हवं होतं. शिवाय खालापूर दुसरा तालुका, तिथे चुलत भावाच्या चहाच्या ओळखी नव्हत्या.

शेजाऱ्याची गाडी करून आम्ही दोघी गेलो. वकीलबाई माझ्याच वयाच्या. मी पिशवीतून मसुदा काढला आणि बोलायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

"ताई, तुम्ही कोण?"

"मुलगी. एकुलती आता."

"मग तुम्ही बाहेर बसा."

मी म्हटलं, "अहो, हिला ऐकायला कमी येतं. मी नसेन तर—"

"मी मोठ्याने बोलते. हे बघा, आजींनी काहीच लिहून ठेवलं नाही, तर कायद्याने हे सगळं तुमचं होतं. सुनेला त्यातलं काही मिळत नाही. म्हणजे या खोलीत सगळ्यात जास्त फायदा तुमचा. म्हणून तुम्ही बाहेर."

मी चहा न घेताच बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. राग आला होता. एवढी पायपीट मी केली, आणि मलाच दाराबाहेर! पण बसल्या बसल्या लक्षात आलं, की इतके दिवस सगळे वहिनीला घराबाहेर काढणार कोण याची चर्चा करत होते, आणि कायद्याच्या हिशोबाने ती व्यक्ती मी होते. आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आधीच्या वकिलानेही नाही.

आतून वकीलबाईंचा आवाज स्पष्ट येत होता. "आजी, यात लिहिलंय, सुनेनं लग्न केलं तर घर जाईल. हे तुम्ही सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? मला कोणी वाचून दाखवलं नाय."

"मग ठेवायचं की काढायचं?"

आई म्हणाली, "काढा. मी म्हातारी मरून जाईन, ती काय भिताडाशी बोलत बसंल? भेटला कोणी चांगला तर करू दे लगीन. घरजावई करून घ्यायचा. फकस्त गिरणी चालवता आली पायजे त्याला."

वकीलबाई हसल्या. सुनेचा नवरा घरजावई, हे नातं त्यांच्याही कागदात पहिल्यांदाच येत असणार.

पुढचं काम सरळ झालं. ज्यांना यातून काहीही मिळणार नाही असे दोन साक्षीदार आणा म्हणाल्या, त्यात एक आमचे डॉक्टर. सहीच्या दिवशी मला परत बाहेर बसवलं, तेव्हा मी चहा मागून घेतला. आत त्यांनी अख्खा कागद मोठ्याने वाचला. 'मयत मुलाची विधवा' असं आलं तेव्हा आईने थांबवलं. "तसं नका लिवू. सगळं गाव तिला तेच म्हणतंय. सून लिवा." त्यांनी सून लिहिलं, पान नव्याने छापलं आणि मग सही घेतली. घर आणि शेत सुनेला, कुठलीही अट नाही. फणसाची पहिली दोन फळं दरवर्षी मला. हे आईने माझ्यासाठी मुद्दाम घालायला लावलं.

आता माझ्या दुकानात कुणी म्हाताऱ्या आईबापांसाठी वकील विचारला, की मी खालापूरचा पत्ता देते आणि सांगून ठेवते, "तुम्हाला बाहेर बसवतील. रागावू नका." त्या बाईंचे आभार मी त्यांच्यासमोर नीट मानलेच नाहीत. फी दिली, नमस्कार केला, निघाले. कोरडेपणात आम्ही दोघी सारख्याच.

वहिनीला आईनेच सांगितलं, त्याच संध्याकाळी, पिठाच्या डब्याशेजारी बसून. घरजावयासकट सगळं. वहिनी म्हणाली, "तुमचं आपलं कायतरीच, आत्या," आणि पदराने तोंड पुसत गिरणीत गेली. बराच वेळ पट्टा फिरत होता. दळायला मात्र कुणी आलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेले, तर ती स्टुलावर उभी. एका हातात कॅलेंडर, दुसऱ्यात हातोडी, तोंडात खिळा. पहिल्याच ठोक्याला वीतभर गिलावा खाली आला.

आई आतून ओरडली, "भित पाडतेस काय गं?"

वहिनीने खिळा तोंडातून काढला. "पाडीन नायतर ठेवीन. माजी हाय ना आता?"

"मी मेल्यावर! आजून जित्ती हाय मी!" आई म्हणाली, आणि काठी टेकत येऊन तिने स्टूल धरलं.