दोन खुंट्या आणि सुतळी

विज्ञानाच्या गुरुजींचा मला आजही राग येतो. ते जाऊन कैक वर्षे झाली, तरी राग जागचा हलत नाही, आणि तो हलावा असे मलाही वाटत नाही.

तेव्हा मी आठवीत होते. वलगावहून अमरावतीच्या शाळेत जायची. दिवाळीच्या सुमारास पहाटे पूर्वेला धूमकेतू दिसे, म्हणून गुरुजींनी चाचणीत त्याचा सूर्याभोवतीचा मार्ग काढायला सांगितला. मी लांबट अंडाकृती काढली, सूर्य एका टोकाजवळ ठेवला. गुरुजींनी लाल फुली मारली. सूर्य म्हणे मधोमधच असतो!

मी पुस्तकात वाचले होते आणि रोज डोळ्यांनी पाहतही होते. बाबा एका साहेबांच्या बंगल्यावर माळी होते. फुलांचा लांबट ताटवा आखताना ते दोन खुंट्या ठोकत, त्यांभोवती सुतळीचा सैल वेढा टाकत आणि काडीने तो ताणून धरत मातीत रेघ ओढत. खुंट्या जवळ असल्या की ताटवा जवळजवळ गोल होई. तसे ग्रहांचे मार्ग. दूर नेल्या की लांबट, तसा धूमकेतूचा. सूर्य एका खुंटीच्या जागी. दुसरीच्या जागी काहीच नाही.

हे मी भर वर्गात बोलले. गुरुजी भडकले. "माळ्याची पोर मला शिकवते? बापाला घेऊन ये!" नववीत विज्ञान मिळणार की गृहशास्त्र, हे त्यांच्याच शेऱ्यावर ठरायचे, आणि मला विज्ञानच हवे होते.

"चाल, आखूनच दाखवतो त्यायले," बाबा म्हणाले. पिशवीत खुंट्या आणि सुतळी घेऊन ते आले. पण गुरुजींसमोर उभे राहिल्यावर त्यांनी पिशवी उघडलीच नाही. हात जोडून म्हणाले, "पोरीचं चुकलं, गुरुजी. माफ करा तिले."

परतताना मी सायकलवर मागे बसून रडत विचारले, "बाबा, तुमाले तं मालूम होतं! मंग काहून असं बोलले?"

"त्यायले खोटं पाडलं असतं, तं तुले विज्ञान देलं असतं काय त्यायनं?"

उन्हाळ्यात निकाल लागला. माझ्या नावापुढे गुरुजींनी गृहशास्त्र लिहिले होते. मी घरी येऊन सांगितले, तेव्हा बाबा अंगणात खुंट्यांना टोक काढत बसले होते. त्यांनी विळा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग उगीचच हात जोडले मी."