साहेबाची टोपी आणि पाठमोरी गाडी

नवी मोटार घेतली की पेढे वाटायचे आणि गप्प बसायचं. किस्से जमतात ते जुन्या गाडीत. त्यात ती विलायतेहून आलेली, कुणा साहेबाने वापरलेली असली तर दर फेरीला एक! आम्ही तिघे, म्हणजे गाडीचे मालक भाऊ, ड्रायव्हर दाऊदचाचा आणि तिकिटं फाडणारा मी, आता चहाला बसलो की हसतो. तेव्हा मात्र माझं लग्न त्या गाडीवर अडलं होतं. पालीच्या तात्यांनी सांगितलं होतं, "जावई रत्नागिरीतच पोटापाण्याला लागलेला हवा. मुंबईला जाणाऱ्याला मुलगी देत नाही." मी इंग्रजी दुसरीतच शाळा सोडलेली. गाडी चालली तर नोकरी, नाहीतर मुंबईची बोट!

*

गाडी मुंबईहून बोटीने आली. बोट लांब खोल पाण्यात उभी राहिली, तेव्हा दोन पडाव, म्हणजे माल उतरवायच्या होड्या, एकमेकांना बांधून गाडी त्यांच्यावर उतरवली. भाऊंनी धक्क्यावर डोळे गच्च मिटून घेतले.

"दिसते का रे?"

"दिसते."

"कशी आहे?"

"डुलतेय!"

मिरकरवाड्याची एक मासळीवाली टोपली टेकून बघत होती. ती म्हणाली, "काय वो भाऊ, ह्यो मासा कापूनशान इकनार का?"

भाऊंनी डोळे उघडले ते गाडीची चाकं जमिनीला लागल्यावरच.

*

गाडी धुताना मागच्या सीटखाली एक टोपी सापडली. साहेब लोक उन्हात घालतात तसली, आणि बाजूला भोक! सीटवर तांबडा डागही होता.

भाऊंनी टोपी दोन बोटांत धरून लांब केली. "दलाल म्हणाला, एकाच साहेबाने वापरलीय. त्या साहेबाचं पुढे काय झालं, ते मी विचारलंच नाही!"

चाचा म्हणाले, "अहो, पान खाल्लं असेल."

"साहेबाने? पान?"

चाचांनी डागावर आणखी एक बादली ओतली.

*

माझं पहिलं काम ओरडायचं होतं. "पाली! पाली!" मला चार माणसांत बोलताना घाम फुटतो. मी एकेका माणसाजवळ जाऊन हळूच विचारायचो, "आपण पालीला येणार का?" एक आजोबा दचकून म्हणाले, "का रे बाबा, कोन गेला काय तिकडं?"

*

पालीला जाताना हातखंब्याच्या वाटेवर चढ लागला आणि गाडी बंद पडली. चाचांनी हँडल मारलं, शिव्या घातल्या, शेवटी गाडी वळवली आणि रिव्हर्समध्ये घातली. चढली! तेव्हापासून दर चढाला तोच प्रकार.

"पेट्रोलची टाकी सीटखाली आहे," चाचा समजावायचे. "तोंड वर केलं की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. पाठ वर केली की पोचतं. टाकी भरलेली असली तर प्रश्नच नाही."

पण पेट्रोल भाऊ मोजून घालणारे. आणि चाचांचं ऐकतो कोण? भुताची पावलं उलटी असतात हे रत्नागिरीत पोराबाळांनाही ठाऊक. इथे तर आख्खी गाडीच उलटी! निम्मे उतारू कमी झाले.

*

भाऊंनी गुरवाला बोलावलं. गुरव गाडीभोवती फिरला आणि अडला.

"कोंबडा-भात ठेवू, पन ह्याला तिखट सोसंल काय?"

बराच खल झाला. शेवटी बिस्किट आणि चिरूट ठरलं. टोपी पुढच्या दांडीला टांगली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा साहेबा, तू कुठून आलास, कसा गेलास ठावं न्हाय. पन ह्या भाऊच्या गाडीक सरळ चालव रे म्हाराजा!" आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात भाऊंना शंका आली. "त्याला आपलं मराठी कळलं असेल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इंग्रजी शिकलेला मीच! मी घाम पुसून टोपीला म्हटलं, "गुड मॉर्निंग, सर."

मग रोज सकाळी बिस्किट, चिरूट आणि माझं गुड मॉर्निंग. चाचा तोंड फिरवून उभे राहायचे.

*

परवाना संपत आला. नवा साहेब येऊन गाडी तपासणार होता. कचेरीतल्या कारकुनाने आधीच बजावलं, "पाठमोरी चढली तर पास होणार नाही." नेमके तपासणीच्या दिवशी तात्याही पालीहून बघायला आलेले. आदल्या रात्री मला झोप नव्हती.

साहेब आला. उंच, लालबुंद. मला म्हणाला, "गुड मॉर्निंग!" मी सवयीने टोपीकडे वळलो आणि टोपीला म्हटलं, "गुड मॉर्निंग, सर!"

साहेबानेही टोपीकडे बघितलं. ती काढली, उलटी केली, भोकातून बोट घातलं आणि ओरडला, "हा माझा टोपी! कॅम्पमध्ये उंदीर खाल्ला!"

भाऊंनी गाडीचं दार धरलं. बघायला आलेला गुरव तर पळालाच.

साहेबाने टोपी डोक्यावर चढवली, पुढे बसला, समोरचं बिस्किट खाल्लं, चिरूट पेटवला आणि म्हणाला, "चलो!"

चढ आला. मी डोळे मिटले. गाडी तोंड पुढे करून, एकदाही न खोकता, वर गेली!

वर पोचल्यावर चाचांनी टाकीत काठी बुडवून बघितली. तळाला दोन बोटं पेट्रोल. त्यांनी काठी पुसून पुन्हा बुडवली. पुन्हा दोनच बोटं.

गाडी पास झाली. साहेब टोपी घालूनच बंगल्यावर गेला. भाऊ हसत सुटले, "म्हणजे साहेब जिवंत होता! भूत नव्हतंच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांना पालीला सोडायला निघालो. ते मागे, त्या डागावर घोंगडी टाकून बसले होते. त्याच चढावर गाडी दोनदा खोकली आणि थांबली.

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. तात्या सावकाश खाली उतरले, धोतर झटकलं आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

"जावईबापू," ते म्हणाले, "आम्ही थांबतो इथे. तुम्ही साहेबाच्या बंगल्यावर जा आणि ती टोपी तेवढी मागून आणा."