भोपळ्याचा कद्दू

मी पुद्दुचेरीला एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करतो. मागच्या थंडीत आमच्याकडे फ्रान्समधल्या जुन्या व्यंगचित्रांचं पुस्तक शिवायला आलं. छापील कागदांचे फर्मे दुमडता दुमडता मी बघतच बसलो. एका पानावर राजाचं तोंड, चार चित्रांत हळूहळू त्याची नासपती होते. पुढे ढेरपोटे पाद्री, गरिबांच्या ताटातलं ओरपणारे. प्रूफ तपासणारे अण्णा फ्रेंच जाणतात. ते म्हणाले, हे छापणाऱ्यांना कोर्टात ओढलं, तुरुंगात घातलं, तरी ते नासपती काढतच राहिले. मी फुशारकीने सांगितलं, बनारसला एका गुरुजींना मीही असंच काढलं होतं. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "ते तुला तुरुंगात टाकू शकत होते?"

त्याच आठवड्यात बनारसचं तिकीट काढलं.

चेन्नईपर्यंत बस, पुढे रेल्वे, दोन दिवस मोडतात. स्लीपरला नऊशेच्या आसपास लागतात. पांघरूण न्याच, नागपूर सोडलं की गारठा झोंबतो. स्टेशनवरून मैदागिनपर्यंत ई-रिक्षा, तिथून पायीच. गल्लीत सांड आडवा आला तर थांबायचं, वाद घालायचा नाही. सकाळी कचौडी-जिलेबीने स्वस्तात पोट भरतं. थंडीत गेलात तर दुधाच्या फेसाचा गोड मलइयो खा, पण लवकर उठून. उन्हं चढली की संपतो.

दूधविनायक मोहल्ल्यात आम्ही भाड्याने राहायचो. आता तिथे आमचं कुणी नाही. शेजारी वासुदेव गुरुजी आणि काकू राहायचे. मला संस्कृत यावं म्हणून गुरुजींनी जिवाचं रान केलं, आणि दर परीक्षेत मला भोपळा दिला. सातवीत शाळा सुटली त्या होळीला मी त्यांनाच भोपळा केलं. शेंडीचा देठ, पोटाला फोडी. चित्राच्या झेरॉक्स काढून मंगला गौरीच्या देवळापर्यंत भिंतींवर चिकटवल्या. सगळी गल्ली हसली. मला वाटलं, आयुष्यात एक तरी काम जमलं.

बारा वर्षांनी मी वासुदेव गुरुजींचं घर विचारत फिरलो. तीन दुकानांत कुणाला पत्ता नाही. चौथ्या दुकानात पानवाल्याने जरा विचार केला.

"मराठी पंडितजी? अरे, कद्दू गुरु बोलिए ना! अमृतराव घाट पर होंगे."

घाटावर गुरुजी एका यजमानाकडून पिंडदान करवून घेत होते. पार वाळले होते, पोट कुठेच नव्हतं. मी पायरीवर बसून राहिलो. विधी आटोपला तोच त्यांचा फोन वाजला. "हाँ, कद्दू गुरु बोल रहे हैं. सीधे घाट पर आ जाइए." आपण आडनाव सांगतो तितक्या सहज.

मी पाया पडलो. त्यांनी ओळखलं, जेवलास का विचारलं. मग मी चित्राचं काढलं, माफी मागितली.

"भोपळा केलंस त्याचं काही नाही रे. आपलं मराठीतलं होतं, घरातलं होतं. मीही हसलो असतो. पण खाली कद्दू कशाला लिहिलंस?"

"सगळ्यांना कळावं म्हणून."

"कळलं की." ते दर्भ गोळा करत राहिले. "तुझ्या काकूला बाजारात शेवटपर्यंत कद्दुआइन म्हणायचे, कद्दूची बायको. ती भाजी घ्यायला जायची बंद झाली. तिची माफी कशी मागशील?"

काकू गेल्याचं मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, आता गल्लीभर सांगत फिरतो, हे नाव घेऊ नका. ते म्हणाले, नको, यजमान मग मला शोधणार कसे? आणि पिशवीतलं केळं काढून माझ्या हातावर ठेवलं.

परत आलो तोवर पुस्तक शिवून गेलं होतं. अण्णांनी विचारलं, भेटले का? हो म्हटलं, पुढचं सांगवलं नाही. त्या राजाच्या बायकोला भाजी आणायला जावं लागत नसणार.

काशीला जाणार असाल आणि श्राद्धपक्षासाठी मराठी गुरुजी हवे असतील, तर दूधविनायकात वासुदेव गुरुजी म्हणून विचारा. कुणी ओळखणार नाही. तरी चार-पाच दुकानांत विचारा, जरा मोठ्याने. मगच ते दुसरं नाव घ्या.