दाजींची मोटार आणि ताईचा पेला

मराठवाड्यात मोटारी विकत घेणारे पुष्कळ झाले, पण घरच्या अंगणात मोटार तयार करणारा माणूस एकच झाला, आणि त्या माणसाला आमची ताई दिलेली आहे. नांदेडला आमच्या ऑफिसात मी हे इतक्या वेळा सांगितलं आहे, की मी नुसता घसा खाकरला तरी मंडळी चहाचे कप उचलून दुसऱ्या टेबलाकडे जातात. जाऊ देत. ज्यांच्या घराण्यात असे दाजी नाहीत त्यांना त्यातलं सुख काय कळणार?

दाजी लातूरला फिजिक्स शिकवायचे. उंच, काटकुळे, आणि लोक खिशाला पेन लावतात तिथे त्यांचा टेस्टर. उघडून पाहिल्याशिवाय कोणतीही वस्तू आपली होत नाही, असं त्यांचं ठाम मत. लग्नात आमच्या वडिलांनी त्यांना मनगटी घड्याळ दिलं, ते त्यांनी सासऱ्यांच्या देखत उघडलं. वडिलांचा चेहरा पडला, तर हे म्हणाले, "चांगलं हाय. आता घालतो." त्याच लग्नात मांडवाचा जनरेटर बंद पडला आणि नवरदेव दिसेनात. शोधाशोध झाली. शेवटी सापडले ते मांडवामागे, बाशिंगासकट जनरेटरपुढे उकिडवे बसलेले. भटजी घड्याळाकडे आणि वडील आभाळाकडे बघत होते. दिवे लागले तेव्हा वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या, आणि अक्षता त्यानंतर पडल्या. ताई त्या वेळी अंतरपाटाच्या अलीकडे एकटीच उभी होती. माणूस कसा आहे हे तिला तिथंच कळलं, असं ती पुढे सांगायची, आणि सांगताना हसायची.

मग भूकंप झाला. आमचं गाव निलंगा तालुक्यातलं. आमच्या घराच्या मागच्या भिंती गेल्या, आम्ही वाचलो. आमच्या गल्लीत सगळेच वाचले असं नाही. लातूरला दाजींच्या स्लॅबच्या घराला नुसत्या भेगा पडल्या होत्या. ताई दुसऱ्या दिवशी गावाकडे आली, तिनं काय काय पाहिलं ते तिनं पाहिलं, आणि त्याबद्दल ती आजवर बोललेली नाही. परत गेल्यावर एवढंच म्हणाली, "खाली काय चालू होतं ते कुणाला दिसतच नव्हतं की." त्या दिवसापासून ती स्लॅबखाली झोपली नाही. दाजींनी एका शब्दानं वाद न घालता अंगणात पत्र्याचं मोठं शेड उभं केलं आणि दोघांच्या खाटा तिकडे नेल्या. उशाशी एक स्टूल, त्यावर काचेचा पेला, पेल्यात काठोकाठ पाणी. जमीन हलली तर आधी पाणी हलेल, म्हणून. ते पाणी प्यायची कुणाला परवानगी नव्हती. मी एकदा उन्हातून आलो आणि हात पुढे केला, तर सख्ख्या बहिणीनं माझ्या हातावर चापट मारली.

एकूणच, जे दिसत नाही त्यावर ताईचा भरवसा उरला नव्हता. एसटीत ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायची, कारण तिथून त्याचा ब्रेकवरचा पाय दिसतो. ती जागा भरलेली असली तर एसटी सोडून द्यायची. गावाला आली तर संध्याकाळच्या गाडीनं परत. गाव नव्या जागी वसलं, आम्हाला नवं घर मिळालं, पण माहेरी मुक्काम म्हटलं की तिचं लक्ष आधी छताकडे जायचं आणि मग पायातल्या चपलांकडे.

इकडे लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. उदगीर, रेणापूर, कुठून कुठून पोरं ट्रंका आणि स्टोव्ह घेऊन येऊ लागली, आणि प्रत्येक चौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लटकू लागले. दाजींच्या क्लासला पाटीसुद्धा नव्हती. सकाळी खाटा उभ्या करून ठेवायच्या, बाकं मांडायची, की झाला क्लास. पोरं बाहेरपर्यंत बसायची. आणि अशा भरभराटीत, सगळे सर लोक प्लॉट घेत असताना, आमच्या दाजींनी दक्षिणेतल्या कुठल्याशा कारखान्यातून मोटारीचा संच मागवला. लोखंडी सांगाडा, वरची फायबरची बॉडी आणि खोकी भरून सुटे भाग. इंजिन जुन्या गाडीचं आपण शोधायचं, जोडणी आपण करायची. ट्रान्सपोर्टवाल्यानं खोकी उतरवली तेव्हा सर पिठाची गिरणी टाकून राहिले, अशी गल्लीत बातमी पसरली. एक बाई ज्वारीचा डबा घेऊन आल्यासुद्धा. दाजींनी त्यांना बसवून घेतलं, गिअर म्हणजे काय ते समजावलं, आणि बाई डबा घेऊन तशाच परत गेल्या.

ती मोटार किती काळ चालली विचाराल तर ती चाललीच नव्हती, ती होत होती. कधीही फोन करा, दाजींचं उत्तर एकच: "पावणे, गाडी होऊन राहिली." अर्ध्या शेडात गाडी, अर्ध्या शेडात क्लास. पान्यावर टॉर्क शिकवायचे, जॅकवर थोड्या बळानं मोठं ओझं कसं उचलतं ते शिकवायचे, आणि ब्रेकचं पेडल दाबून दाखवल्याशिवाय त्यांच्या कुठल्याच पोराला द्रवाचा दाब कळला नाही. एकदा उदगीरचे एक गृहस्थ मुलीच्या प्रवेशासाठी आले. दाजी गाडीखाली. बाहेर नुसते दोन पाय. गृहस्थांनी पायांना नमस्कार केला, मुलीचे मार्क सांगितले, फी विचारली, पायांनी सगळी उत्तरं दिली. जाताना ते ताईला म्हणाले, सर फार शांत आहेत. ती पोरगी पुढे डॉक्टर झाली. दाजींचा चेहरा तिच्या वडिलांनी तिच्या पेढ्यांच्या वेळी पहिल्यांदा पाहिला.

आणि एके दिवशी गाडी झाली. लाल, बुटकी, बिनछताची, दोनच सीटची. चालू केली की पत्रे थरथरायचे. सगळी गल्ली जमली, पोरं तर फाटकावर चढली. पण दाजींनी जाहीर केलं की शेजारच्या सीटवर पहिली बसेल ती ताई, आणि ती बसेपर्यंत गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. ताईनं गाडीभोवती एक फेरी मारली. मग विचारलं, ब्रेक कशावर लागतो? दाजी खुलले. तेलावर, म्हणाले, आणि सगळा दाबाचा नियम सांगितला. ताईनं तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "ते तेल कुठं हाय?" दाजींनी पायाखालच्या फळीकडे बोट दाखवलं. पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर त्या फळीखाली, त्याच्या डोक्यावर तेलाची एवढीशी डबी, आणि तेल बघायचं तर आधी फळीचे सगळे स्क्रू काढायचे. "मग कमी झालं तर मला दिसणार कसं?" असं म्हणून ताई कुकर उतरवायला निघून गेली.

गल्लीतले लोक म्हणाले, बायकांचं काय मनावर घ्यायचं, सर, फिरवा गाडी. आणि इथेच मला आमच्या दाजींचा अभिमान वाटतो. पुऱ्या गल्लीसमोर हौसेची गाडी त्यांनी बंद केली, चावी खिशात टाकली, आणि म्हणाले, "बरोबर हाय तिचं. दिसायला पाहिजे." गाडी पुन्हा होऊन राहिली.

त्यांनी ठरवलं ते असं. सिलिंडर राहू दे खाली, पण तेलाची डबी तिथून काढून वर आणायची आणि मधे नळी टाकायची. डबी सिलिंडरपेक्षा उंच असली की तेल आपोआप खाली उतरतं. बाकी कुणी ती इंजिनाजवळ बसवली असती. दाजींनी ती आत, शेजारच्या सीटच्या बरोबर समोर, बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत बसवली. डबी पारदर्शक, वरची रेघ, खालची रेघ, मधे पिवळसर तेल. देव्हाऱ्यात देव बसवावा तशी बसवली. आणि नळी? भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी बांधकामं निघालेली, त्यामुळे गवंड्याची पाण्याची लेव्हल बघायची पारदर्शक नळी प्रत्येक घरात थोडीफार उरलेली असायचीच. शेड बांधतानाची ती नळी दाजींनी जपून ठेवली होती. ताईचा त्या नळीवर विश्वास होता, तिच्या देखत त्या नळीनंच शेडाचे चारही खांब एका पातळीत आणले होते. म्हणून दाजींनी तीच लावली.

मग ब्रेकमधली हवा काढायची. ह्याला दोन माणसं लागतात, एक चाकाशी बोल्ट सैल करायला, एक पेडल दाबायला. पेडलवर ताई. पण गाडीत बसायचं नाही हे ठरलेलं, म्हणून ती बाहेर उभी राहून, पदर खोचून, एक पाय तेवढा आत टाकून पेडल दाबत होती. "दाबा." "दाबलं." "सोडा." "सोडलं." समोर बाकांवर पोरं बसलेली. त्या दिवशी क्लासमध्ये दुसरं काही झालं नाही.

एवढं होऊनही ताई बसली नाही. आधी बघते, म्हणाली. रोज सकाळी पेल्यातलं पाणी बदलायचं आणि मग डबीतलं तेल बघायचं, असा तिचा नेम सुरू झाला. तेवढ्यात मी गावच्या घराला दोन खोल्या वाढवल्या आणि वास्तुशांत काढली. बहिणीशिवाय वास्तुशांत कसली, म्हणून आदल्या दिवशी सामान न्यायला लातूरला गेलो तेव्हा तिला बजावलं की या खेपेला मुक्काम. दाजी म्हणाले, आम्ही गाडीनंच येऊ. ताई शेडात गेली, आणि तिनं आतून हाक मारली.

तेल खालच्या रेघेला आलं होतं. गवंड्याची नळी पाण्यासाठी, ब्रेकचं तेल तिला झेपलं नाही. ती कडक होऊन जोडाशी पाझरत होती, आणि त्या तेलानं डबीखालचा लाल रंग फोड येऊन पट्ट्यानं सुटला होता. खरं सांगतो, मला वाटलं, झालं, आता ही बाई जन्मात या गाडीत बसायची नाही. दाजी एवढे सर, पण त्यांचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा झाला. नळी चुकली माझी, एवढंच म्हणाले, आणि सायकल काढून बाजारात गेले. ब्रेकची खरी, काळी, जाड रबरी नळी आणली, नव्या क्लिपा आणल्या, जुनी नळी काढून ती बसवली. नवं तेल वरच्या रेघेपर्यंत भरलं. मग मागच्या चाकाशी आडवे झाले आणि सवयीनं हाक दिली, "दाबा."

ताई गाडीपाशी उभी होती. तिनं पदर खोचला, दार उघडलं, आणि आत बसली. दाजींना चाकाखालून काही दिसत नव्हतं. पण गाडी त्या अंगाला किंचित खाली बसली, आणि बोल्टवरचा त्यांचा पाना थांबला.

"दाबलं," ताई म्हणाली. मग जरा वेळानं, "कमी झालेलं मला दिसलं ना. म्हणून बसले."

दाजींनी बोल्ट सैल केला, आवळला, आणि आवळलेलाच पुन्हा आवळला. नंतर म्हणाले, "सोडा." दोनदा आवळला तो तेल वाया जाऊ नये म्हणून असेल, म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. उसाच्या ट्रॅक्टरमागून ती लाल गाडी आली, हळू, वरातीसारखी. दाजींची नजर रस्त्यावर आणि ताईची डबीवर. निलंगा कधी मागे पडलं, विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. गावातली पोरं मागे पळत होती, म्हातारी माणसं पारावरून उठून उभी राहिली, आणि मी, शाळेत कधी पहिला आलो नाही, तो त्या दिवशी आलो. पुढच्या बॉनेटवर हात ठेवून सगळ्या गावाला सांगत सुटलो, हे आमचे दाजी, आणि ही त्यांनी केली.

आता शेड नाही. तिथे पोरींचं चार मजली होस्टेल आहे, आणि तळमजल्यावर कोपऱ्यात ती गाडी. दाजींचा गुडघा क्लच दाबू देत नाही. जुने विद्यार्थी येतात, मोठाल्या गाड्यांतून उतरतात आणि आधी तिला हात लावतात. डबीखालचा सुटलेला रंग दाजींनी पुन्हा कधी मारला नाही. कुणी विचारलं की म्हणतात, राहू द्या, दिसू द्या.

पण मला आठवते ती वास्तुशांतीनंतरची सकाळ. ताई आमच्या नव्या खोलीत, स्लॅबखाली झोपली होती. माझ्या बायकोनं न सांगता तिच्या उशाशी काचेचा पेला भरून ठेवला होता. सकाळी चहा घेऊन गेलो तर पेला रिकामा. मी घाबरून जमिनीकडे पाहिलं, पाणी कुठं सांडलेलं नव्हतं. दाजी दारात उभे होते, तेही पेल्याकडेच बघत होते.

ताई केस विंचरत होती. आमच्याकडे न बघता म्हणाली, "तहान लागली होती. पिले."