सूप घरी राहिलं

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. कधी? यंदा रामनवमीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सव्वादहाला, इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या आमच्या गच्चीवर. आरोपी घरातले सगळेच, आणि त्यांत मी पहिला. पत्रकं लिहून लिहून मला एवढं कळलंय की दोषी कोण ते वरच सांगून टाकावं. खालपर्यंत कोणी वाचत नाही.

वहिनी साताऱ्याची. इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्या मंडळाच्या सभेत त्या दिवशी अकरा वाजता तिचं भाषण होतं: शेती आली आणि माणूस कसा बदलला. इंदूरला आल्यापासूनचं पहिलंच जाहीर भाषण. महिनाभर टिपणं काढत होती बिचारी. पत्रकावर तिचं नाव मीच मोठ्या अक्षरांत छापलं होतं.

आणि नेमका त्याच सकाळी टेम्पोतून वर्षभराचा गहू आला. माळव्यात हा एक सणच असतो. गहू गच्चीवर पसरायचा, चाळायचा, पाखडायचा, खडे वेचायचे, एरंडेलाचा हात फिरवून पत्र्याच्या कोठीत भरायचा. मग साल भर की फुरसत.

"आज कशी जाणार गं तू?" आई वहिनीला म्हणाली. "ऊन बघ, वारा बघ. पाखडायला असा दिवस पुन्हा मिळतो का?"

"भाषण काय, पुढच्या महिन्यात होईल," दादा म्हणाला, आणि पोहे आणायला गेला तो गेलाच.

मी काय म्हणालो? लाज वाटते, पण लिहितो. "वहिनी, टेन्शन नको. टिपणं द्या, मी वाचतो."

"वाचा, भाऊजी." तिने टिपणांची वही माझ्या हातात दिली आणि सूप उचललं.

सभेत मी एकदम फॉर्मात. माणूस आधी फिरता होता. मिळेल तिथे खायचं आणि पुढे जायचं. मग त्याने बी पेरलं, म्हणून पिकापाशी थांबणं आलं. पीक साठवलं, म्हणून राखणं आलं. राखायला भिंत आली, भिंतीला मालक आला. आणि दळायला कोणीतरी गुडघे टेकून बसलं. काही जुन्या वस्त्यांत सापडलेल्या बायकांच्या गुडघ्यांच्या आणि पायाच्या अंगठ्यांच्या हाडांवर त्या बसण्याच्या खुणा आहेत, असं वहिनीने लिहिलं होतं. इथे मी टेबलावर मूठ आपटली. टाळ्या! मजा येत होती, खरंच सांगतो.

पान उलटलं. समासात लाल शाईने लिहिलेलं: 'इथे सूप घेऊन पाखडून दाखवणे.'

मी अडखळलो. पहिल्या रांगेत एक रिटायर्ड मास्तरीणबाई बसल्या होत्या.

"काय झालं, भिया?" त्यांनी विचारलं. इंदुरात भैयाचा भिया होतो.

"इथे सूप दाखवायचं होतं."

"तो दिखाओ ना."

"घरी राहिलं. कामात आहे."

"कोणाच्या हातात?"

थाप मारता आली असती. "वहिनींच्या," मी म्हणालो. "भाषण त्यांचंच आहे."

सगळा हॉल हसला. बाई नाही हसल्या. "म्हणजे ती तिकडे गहू पाखडतेय आणि तुम्ही आम्हाला गहू समजावताय? बैठ जाओ भिया. जिसका भाषण है उसको लाओ. आम्ही थांबतो."

स्कूटर काढली. गच्चीवर वहिनी नाकाला ओढणी बांधून भुसा उडवत होती.

"वहिनी, उठा. लोक थांबलेत."

"आणि हे कोण करणार?" आईने विचारलं.

"मी."

"पाखडता येतं का तुला?"

"नाही."

वहिनीने सूप माझ्या हातात दिलं, आणि लगेच परत घेतलं. "हे मला लागेल. तुम्ही चाळणी घ्या." स्कूटरची किल्ली घेतली, आणि केसांत भुसा तसाच ठेवून सूप काखेत मारून जिना उतरली.

भाषण जोरदार झालं म्हणतात. मी ऐकलं नाही. मी आईसमोर गुडघे टेकून गहू चाळत होतो. अर्ध्या तासात पायाचे अंगठे वळले, आणि टेबलावर मूठ आपटलेली आठवून कान तापले. "खडे राहिलेत, पुन्हा चाळ," आई म्हणत होती.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्याही घरी गहू येईल, आणि नेमकं त्याच दिवशी घरातल्या एखाद्या बाईला बाहेर जायचं असेल. 'आज कशी जाणार' हे तोंडातून काढू नका. तिची टिपणं मागू नका. चाळणी उचला आणि खाली बसा.