अशक्तपणा लिहा, बाई

विनायकच्या आजाराला नाव होतं आणि ते मला माहीत होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही... त्यालाही नाही. गेल्या महिन्यात तो हार्टने गेला.

डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत तो प्लॅन्टवर, मी ऑफिसात. राहायला एकाच बिल्डिंगमध्ये. शहाऐंशी साली प्लॅन्टमध्ये स्फोट झाला, त्याच्या शेजारी उभा असलेला सोबती जागीच गेला. विनायक धावत बाहेर आला. सगळेच धावले होते; पण त्याच्या मनाने फक्त स्वतःचं धावणं धरून ठेवलं. पुढे घरात कुकर लावला की हा गॅलरीत जाऊन कठडा धरून उभा राहायचा. वहिनी पातेल्यात वरण शिजवू लागल्या. कंपनीत पोरं म्हणायची, "हळू रे, विनायकरावांसमोर शिंकू नका, पळतील!" तोही हसायचा. हसताना हात खिशात असायचे.

वहिनींनीच मला गळ घातली, "भावजी, तुम्ही न्या ना यांना कुणाकडे तरी." ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एक मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई बसायच्या. त्यांनी तासभर त्याचं ऐकलं, मग त्याला बाहेर बसवून मला आत बोलावलं. "तुम्ही भाऊ ना?" नात्याचा नसूनही मी हो म्हणालो. बाईंनी मला समजेल असं सांगितलं. लढाईवरून परतलेल्या सैनिकांचं असं व्हायचं, त्यांना भित्रे ठरवायचे, काहींना शिक्षाही व्हायच्या. आता कुठे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पुस्तकात त्याला आजार म्हणून जागा दिलीय, आणि तो लढाईनेच होतो असंही नाही. "पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर," त्या लिहू लागल्या.

मी म्हणालो, "बाई, ते नको. अशक्तपणा लिहा."

त्याच्या धाकट्या बहिणीचं तेव्हा जमत होतं. मुलगा माझा मावसभाऊ, मध्यस्थ मी. घरात डोक्याचा आजार आहे असं कळलं असतं तर मावशीला काय तोंड दाखवणार होतो? बाईंनी पेनाला टोपण लावलं. "कागदावर नाही लिहीत. पण त्यांना सांगा, हा भित्रेपणा नाही. आणि दर पंधरा दिवसांनी आणा."

मी पुन्हा नेलं नाही. लग्न झालं, बहीण सुखात आहे. त्यानंतर सांगायला काय हरकत होती? पण मग इतके दिवस लपवलं हेही सांगावं लागलं असतं... विनायक शेवटपर्यंत, बारा वर्षं, अशक्तपणाची औषधं घेत राहिला. टॉनिक, च्यवनप्राश, दुधात खारीक. वहिनी जीव तोडून करायच्या आणि कधीतरी वैतागून म्हणायच्या, "एवढं खाऊनही अंगात धीर कसा येत नाही हो तुमच्या?"

जाण्याच्या आठवडाभर आधी त्याच्याकडे गेलो होतो. म्हणाला, "अरे, मी भित्राच निघालो रे शेवटी. तो तिथे पडलेला, आणि मी पळालो."

ते नाव माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "काहीतरीच काय बोलतोस? चहा घे."

त्याला सांगायचं होतं ते आता सांगता येणार नाही. वहिनींना मात्र अजून वाटतंय की नवरा कच्च्या मनाचा होता. हा मजकूर छापून येण्याआधी त्यांच्यासमोर बसून त्या आजाराचं नाव आणि ते लपवणाऱ्याचं, म्हणजे माझं नाव, दोन्ही सांगायची आहेत. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.