चित्रात गाळलेलं घर

नारपोलीला बहिणीकडे सुट्टीसाठी गेले, तेव्हा करायच्या कामांत पहिलंच लिहिलं होतं: वळ नावाच्या गावापुढच्या खेड्यातल्या जुन्या चर्चचं चित्र. रंगांचा डबा, टोपी, घडीची खुर्ची, सगळं आदल्या दिवशीच पिशवीत भरलं आणि सकाळी बहिणीची स्कूटर घेऊन निघाले.

चर्च छोटंसंच. दोन्हीकडे गोदामांचे उंच पत्रे, मध्ये चुन्याची पांढरी भिंत आणि वर लाकडी क्रूस. भिंतीला टेकून निळ्या ताडपत्रीचं एक घर होतं. ते मी गाळलं. चित्रात नको ते गाळायचंच असतं. एक डोळा मिटून, हात लांब करून ब्रशवर उंची मोजत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मोजनी चाललीय काय?"

चार-पाच पुरुष होते. एकाने माझ्या स्कूटरला राहिलेली चावी काढून घेतली होती.

"चित्र काढतेय," मी म्हटलं.

"मागे एक आलेला, तो पन असाच बोलला. मंग मोजनीच्या लाल खुंट्या ठोकल्या. कोनच्या बिल्डरची तू?"

मोबाइल पिशवीत, पिशवी त्यांच्या पायाशी. रस्त्यावरून फक्त कंटेनर जात होते. हाक मारून कोणी थांबलं नसतं.

त्या निळ्या घरातून एक म्हातारी झाडू घेऊन आली. चर्चची झाडलोट तीच करते, असं मागून कळलं. तिने कागदाकडे बराच वेळ पाहिलं.

"माझं घर कुठं हाय?"

मी भिंतीलगतच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"कागदावर न्हाय, म्हंजे पाडनार ना?" म्हातारीने विचारलं.

"काढते, आत्ता काढते." नशिबाने तिथला कागद अजून कोराच होता. भिंती उभ्या केल्या, ताडपत्री निळी केली.

चावीवाला हसला. "मावशे, कोंबडी पन काढायला सांग."

"हाय तर काढू दे!"

कोंबडी काढली. चावी मिळाली, पण कागद म्हातारीने ठेवून घेतला. "कोन आला तर दाखवीन. घर हाय, बघा." ओला कागद दोन्ही हातांवर आडवा धरून ती आत गेली.

असल्या चित्राने मोजणी थांबत नाही, हे मला तिला सांगवलं नाही. स्कूटर वळवताना तिच्या घरामागे गवतात लाल टोकाची खुंटी दिसली, आणि मघापेक्षा जास्त भीती वाटली.